रूपराव इखारच्या गिटारीतला भुंगा

रूपराव इखारच्या घरात धड बंद केलेली वस्तू मी कधी पाहिली नाही. घड्याळाचं पोट उघडं, रेडिओची पाठ उघडी, पंख्याची वाटी दांड्यावरून खाली लोंबकळत असलेली. शेगडीवरच्या भाताचं झाकणसुद्धा हा गृहस्थ दहा वेळा उचलून बघायचा आणि भागीरथावहिनींची बोलणी खायचा. आमचं वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान. थान उलगडलं की गिऱ्हाईक गेल्याबरोबर त्याची घडी घालायची, हे आमच्याकडचं बाळकडू. त्यामुळे रूपरावकडे गेलो की मला नीट बसवतच नसे. वाटायचं, आधी या घराचे सगळे स्क्रू आवळावेत आणि मग चहाचा कप हातात घ्यावा.

तो मूळचा आर्वीकडच्या रोहण्याचा. शेती थोरले भाऊ बघत. याला बैलापेक्षा इंजिनाचा नाद, म्हणून वर्ध्याला आला आणि कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये वायरमन झाला. पिपरीला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत वहिनींची शिलाई मशीन असे, कारण अर्ध्या पिपरीची पोलकी त्याच शिवत. मागच्या खोलीत रूपरावचा पसारा. तिथे चप्पल काढून जायचं म्हणजे तळपायात खिळा घ्यायची तयारी ठेवायची.

आमची ओळख ऑर्केस्ट्रातली. प्रभाकररावांनी काढलेला 'मधुमालती ऑर्केस्ट्रा'. मधू आणि मालती या त्यांच्या दोन मुली. दोघींनाही गाता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गणपती असो, शारदा असो, कुणाचं रिसेप्शन असो, आम्ही मेटाडोरमध्ये ढोल-ताशे कोंबून निघायचो. मी ॲकॉर्डियन वाजवायचो. रूपराव रोहण्याच्या भजनी मंडळात बेंजो वाजवून हात तयार करून आलेला. चौऱ्याहत्तर साली त्याला कळलं की बडनेऱ्याचा एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्यांच्याकडे बिजलीची गिटार पडून आहे. हा पहिल्या गाडीनं गेला आणि आपली सायकल आणि एक चालू रेडिओ देऊन गिटार घेऊन आला. लाल रंगाची, कलकत्त्याची, जागोजाग पोपडे निघालेली. पुढे वर्षभर तो जिनिंगला पायी जायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा, "सायकल काय राजा, कोनाहीपाशी असते."

वाजवायचा सुरेख. हे मी त्याच्यावर चिडलेला असतानाही कबूल करायचो. एकेक तार छेडून गाण्याची धून अशी काढायचा की समोरची माणसं आपोआप शब्द पुटपुटू लागत. पण त्या गिटारीत भुंगा होता.

भुंगा हे नाव प्रभाकररावांनी ठेवलेलं. बिजलीच्या गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. याला पिकअप म्हणतात. वरची तार हलली की त्या वेढ्यांत करंट तयार होतो आणि तो ॲम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडतो. रूपरावच्या गिटारीत असे दोन पिकअप होते, एक गळ्याजवळ, एक घोडीजवळ, म्हणजे खाली तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ. अडचण अशी की हे पिकअप नुसत्या तारांचं ऐकत नाहीत. मांडवातल्या ट्यूबलाइटी, खांबावरच्या वायरी, सगळ्यांचं ऐकतात. म्हणून गिटार वाजत नसतानाही कर्ण्यातून घूं घूं चालूच. आर्वीला एकदा गावातलं कुणी गेलं होतं म्हणून कार्यक्रमाआधी सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. घूं घूं सुरूच. शेवटी मागून एक म्हातारा ओरडला, "इंजन बंद करा ना बे कोनी!" लोक हसले. शोकसभेत हसले! 

तेव्हापासून रूपरावनं भुंग्याचा पिच्छा पुरवला. आधी त्यानं चहाच्या पेट्यांतली चंदेरी पन्नी गिटारीच्या पोटात आतून चिकटवली. मग घोडीखालून एक तार काढून ती अर्थिंगला जोडली. भुंगा थोडा दबला, पण गेला नाही. मग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गिटार उघडायची, संध्याकाळपर्यंत वायरींना कथलाचे डाग द्यायचे आणि आम्हाला मेटाडोरपाशी ताटकळत ठेवायचं, हा नियमच झाला. मागच्या पत्र्याला आठ स्क्रू होते. हा दोनच लावायचा. म्हणायचा, "पुन्हा खोलाच लागते, मंग कायले?"

मग एक दिवस दुकानात धापा टाकत आला. गिऱ्हाइकासमोरच माझा हात धरला.

"बंडू, सापडलं! दोन्ही पिकअप भुंगा सारखाच पकडते ना? मंग एकाची टोकं उलटी जोडतो. याचा भुंगा त्याच्या भुंग्याले खाऊन टाकीन."

"आणि गाणं?"

"गान्याले काय होते?"

काय होतं ते पुलगावला कळलं. भुंगा निम्म्याहून कमी झाला हे खरं, पण एका पिकअपनं दुसऱ्याचं गाणंही खाल्लं. जाड सूर गायब झाले आणि गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलू लागली. प्रभाकररावांनी स्टेजवरच कपाळाला हात लावला. मला इतका संताप आला की ॲकॉर्डियन त्याच्या अंगावर टाकावंसं वाटलं.

रूपरावला त्याचं काहीच नव्हतं. जिनिंगच्या जेवणाच्या सुट्टीत तो जमिनीवर काडीनं रेघोट्या मारत बसायचा. अखेर त्याला उमगलं की नुसती टोकं उलटी जोडून भागत नाही, त्याच पिकअपमधला चुंबकही पालथा घालावा लागतो. मग भुंगे एकमेकांना खातात आणि गाणं गाण्याला मिळतं. आता चुंबक पालथा घालताना ती केसासारखी तार तुटली, हे काही मी सांगायला नको.

तो वेढा पुन्हा गुंडाळायला त्यानं काय करावं? वहिनींची शिलाई मशीन. मशीनवर बॉबिन भरायला एक छोटं चाक असतं, त्यावर त्यानं रिकामा पिकअप बसवला. वहिनी पाय मारणार, हा बोटांच्या चिमटीतून तार सोडणार. मी रविवारी सकाळी गेलो तर दोघं तेच करत बसलेले. शिवायला आलेली पोलकी कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती. वहिनी म्हणाल्या, "पाहा भाऊजी, लगनात सप्तपदी झाली, आता हे सुरू हाये." दुपारपर्यंत मशीन खडखडत होती. एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. एरवी घडीभर एका जागी न बसणारा हा माणूस त्या खडखडाटात शांत बसला होता. इतका की वेढे पूर्ण झाले, वहिनी सवयीनं पाय मारत राहिल्या, तर हा भिंतीला टेकून चक्क डुलक्या घेत होता. मला वाटलं, दमला असेल.

एकोणऐंशीच्या नवरात्रात हिंगणीच्या शारदा मंडळानं आम्हाला बोलावलं. बोर धरणावरचे साहेबलोक येणार म्हणून प्रभाकररावांना हुरूप आला होता. त्यांनी रूपरावला स्पष्ट सांगितलं, "कार्यक्रमाची सुरुवात तुझ्या एकट्याच्या गिटारीनं. पण भुंगा निघाला तर मी नागपूरचा ऑर्गनवाला आणतो. मग तुझी गिटार तुझ्या घरी."

आदल्या दिवशी प्रभाकररावांच्या घरी तालीम झाली. रूपरावनं पिन लावली, ॲम्प्लिफायर पूर्ण चढवला. आणि काहीच नाही. शेजारच्या घरात कुणी भांडी घासत होतं, ते ऐकू आलं. प्रभाकररावांनी कर्ण्यात कान घातला, मी घातला. नुसता श्वास घेतल्यासारखा हिस्स, बस. मग रूपरावनं एक तार छेडली आणि असा भरलेला, गोल सूर निघाला की माझा इतक्या वर्षांचा राग विरघळला. मी त्याला मिठी मारली. प्रभाकररावांनी पेढे मागवले.

रूपराव मात्र मान तिरकी करून उभा.

"हाये अजून," तो म्हणाला.

"काय आहे?"

"भुंगा. बारीक झाला, पन हाये. रातकिड्यासारखा येऊन राह्यला. तुमाले काऊन आयकू येत नाई?"

आम्ही पुन्हा कान घातले. काही नव्हतं. प्रभाकरराव आधी हसले, मग समजूत घातली, मग भडकले. रूपराव पिन काढून गिटार गुंडाळू लागला. "असी गिटार मी हिंगनीले वाजवत नाई. आज खोलतो, उद्या पाहू."

"पुन्हा उघडायची?" प्रभाकररावांचा आवाज चिरकला. "रूपराव, उद्या चार वाजता मेटाडोर निघेल. त्यात गिटार नसली तर यापुढे कधीच नसेल."

मला रात्रभर चैन पडलं नाही. चांगली झालेली वस्तू हा माणूस स्वतःच्या हातानं मोडणार, याची मला खात्री होती. आणि ऑर्केस्ट्रा सुटला तर त्याच्याजवळ उरणार काय? जिनिंग आणि जिनिंगचा गोंगाट.

त्या गोंगाटाबद्दल सांगायला हवं. हंगामात कापूस सुरू झाला की रेच्यांच्या रांगाच्या रांगा सुरू होतात, रुई आणि सरकी वेगळी करणारी ती यंत्रं. आत शिरलं की जमीन थरथरते. तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात, ओठ वाचतात. घरी आल्यावरही ओरडून बोलतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाकीचे निदान डोक्याला, कानाला फडकं गुंडाळत. रूपरावला ते चालत नसे. मोटारीचं बेअरिंग खराब होतंय का, हे तो कानानं ओळखायचा. पेचकसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू मोटारीवर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा, ही त्याची तपासणी. त्यात तो कधी चुकत नसे. वायरमनच्या शिस्तीप्रमाणे आवाज आला की आधी वायर बघायची, मग अर्थिंग, मग मशीन. कानावर संशय घेणं त्या शिस्तीत कुठे बसतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिपरीला पोचलो. दारातूनच ओरडलो, "रूपराव, उघडली असशील तर तुझी खैर नाही!"

उघडली होती. मागच्या खोलीत तो मांडी घालून बसला होता, गिटार मांडीवर पालथी. दोन्ही पिकअपच्या वायरी कापून बाहेर काढलेल्या, मरून पडलेल्या गांडुळांसारख्या. त्यानं पेचकसचं टोक लाकडावर टेकवलं होतं आणि मुठीला कान लावला होता. डोळे लाल. दाढी वाढलेली.

"चूप," तो म्हणाला. "आयक. आता तं चांगला मोठा झाला."

मी त्याच्या हातातला पेचकस घेतला, कान लावला. मुठीला घामाचा वास येत होता. आवाज कसलाच नाही.

"काही नाही रे बाबा."

"तुह्या कानात बोळे हायेत. नीट आयक!"

तेवढ्यात भागीरथावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ लागलेलं. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

"भाऊजी, तुमीच सांगा यायले," त्या म्हणाल्या. "लाईन सकाळपासून गेलेली हाये. पिपरीत कोनाच्याच घरी लाईन नाई. मंग हा आवाज कोठून येऊन राह्यला?"

रूपरावनं वर बघितलं. पंखा बंद होता. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझलेला होता, आणि गिटार त्याला जोडलेलीही नव्हती. त्यानं कापलेल्या वायरींकडे पाहिलं. मग गिटार हळूच खाली ठेवली आणि दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. काढले. पुन्हा दाबले. 

"हाये," तो म्हणाला. "आतच हाये."

वहिनी त्याच्याजवळ खाली बसल्या. "कवापासून?"

"मले का मालूम? मी तं गिटारीत धुंडून राह्यलो होतो."

असा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.  मी खाली सांडलेले स्क्रू वेचू लागलो. माझ्या हाताला तेवढंच येत होतं.

"चार वाजता मेटाडोर आहे," मी म्हणालो.

"तू जा. मी येऊन काय करू? माह्या डोक्यात रातकिडा हाये, मी लोकाइले काय आयकवू?"

मग वहिनी उठल्या. पदर खोचला. "भुंगा तिच्यातला नाई, तं तिचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. "जोडा तिले अन् बंद करा एकदाची. सारे पेच लावा."

लाईन नव्हती, म्हणजे डाग द्यायचा आयर्न तापणार कसा? रूपरावनं त्याचं तांब्याचं टोक काढून पकडीत धरलं. वहिनींनी शेगडी पेटवली. टोक निखाऱ्यांत लाल करायचं, पळत आणायचं, एक डाग द्यायचा, पुन्हा शेगडी. वायरी मी धरून बसलो आणि बोटं भाजून घेतली. शेवटी पत्रा बसवला. आठही स्क्रू रूपरावनं स्वतः आवळले. त्या गिटारीला ते सगळे एकदम लागलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

हिंगणीच्या मांडवात लाईन होती. प्रभाकररावांनी नाव पुकारलं, रूपराव पुढे आला. पिन लावली आणि कर्णे गप्प. चारपाचशे माणसं गप्प. त्या शांततेत त्याचा जबडा आवळलेला मला बाजूनं दिसत होता, कारण त्या सगळ्यांसाठी शांतता होती आणि त्याच्यासाठी नव्हती. मग त्यानं धून सुरू केली.

मी त्याचं इतकं वाजवणं ऐकलं, पण असं नाही. मांडव सुरांनी भरून गेला. धून संपली, टाळ्या पडल्या, प्रभाकरराव माइककडे निघाले. रूपराव थांबला नाही. त्यानं पुन्हा मुखड्यापासून घेतलं. लोकांना आनंद झाला. पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा माणसं एकमेकांकडे बघू लागली. तबलेवाला मला डोळ्यांनी विचारू लागला, प्रभाकरराव विंगेतून हातवारे करू लागले. रूपराव खाली मान घालून वाजवतच होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गिटारीवर टपटपत होता. त्या मांडवात मला एकट्यालाच कळत होतं. गिटार वाजत होती तोवर त्याला डोक्यातला भुंगा ऐकू येत नव्हता. थांबायचं कसं, हेच त्याला समजत नव्हतं.

मी ॲकॉर्डियन उचललं, त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि खालचा षड्ज धरला. भाता ओढत राहिलो, सूर तुटू दिला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश तारांवरचा हात उचलला. टाळ्या संपल्या, प्रभाकररावांचं बोलणं सुरू झालं, तरी मी हलका सूर धरूनच होतो. पुढे आमच्या प्रत्येक कार्यक्रमात मी हेच केलं. लोकांना ती आमची पद्धत वाटायची.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला नाजूक भाग गोंगाटानं झिजलाय, आवाज तिथूनच येतो, औषध नाही. जिनिंग सोडता आली तर बरं. जिनिंग कुठली सुटते! पुढे टीव्ही आले, कॅसेटी आल्या, आणि 'मधुमालती'ला बोलावणं येईनासं झालं. प्रभाकररावांनी ढोल विकले. गिटार रूपरावकडे राहिली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी पिपरीला गेलो. दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांबूनच शिलाई मशीनची खडखड ऐकू आली. मनात म्हटलं, लग्नसराई आहे, वहिनींना मान वर करायला फुरसत नसेल. दार उघडंच होतं. गिटार भिंतीवर टांगलेली, तिचे सगळे स्क्रू जागेवर. मशीनच्या अगदी जवळ खाट ओढून घेतलेली आणि तिच्यावर रूपराव गाढ झोपलेला, तोंड उघडं, एक हात खाली लोंबत असलेला.

"वहिनी, कुणाची पोलकी?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाय चालूच होते. मी जवळ गेलो. मशीनवर कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता.

 वहिनींच्या मानेवर घाम होता आणि पायाच्या शिरा तटतटल्या होत्या. मी पत्रिका खिडकीत ठेवली आणि खुणेनं म्हणालो, उठा, मी बसतो. त्यांनी आधी मान हलवली. मग थोडं सरकून जागा केली.

"पाय थांबू देऊ नोका," त्या कानाशी कुजबुजल्या. माझा पाय पट्टीवर येऊन ताल सापडेपर्यंत त्यांनी आपला पाय काढला नाही. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या, आणि मी पाय मारत बसलो.